‘अस्तु’ : आजाराला नाव मिळाल्यावर

सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’मध्ये (२०१३) संस्कृतपंडित चक्रपाणी शास्त्रींना अल्झायमर झालाय. मुलगी इराला हे ठाऊक आहे, तरी वडील डोळ्यांदेखत हरवताहेत हे दुःख सुटत नाही. हत्तीमागे गेलेल्या शास्त्रींना सांभाळणाऱ्या चन्नम्माला आजाराचं नावही माहीत नाही. ती त्यांना लेकरू समजते.

मग निदान हवं कशाला? इथे चित्रपट मला थोडा भाबडा वाटतो. चन्नम्माचा सांभाळ थोड्या वेळाचा, इराचा रोजचा. डोंबिवलीत वडील आत, दाराला बाहेरून कुलूप, असं करून सकाळची लोकल पकडणाऱ्या मुलीला ते नाव लागतंच. त्यानं आजार बरा होत नाही. पण ‘बाबा मुद्दाम करतात’ हा राग ओसरतो. चन्नम्माची माया तिथून पुढे जमते.