आकाराचा प्रयोग आणि प्रयोगाचा आकार

वस्तुरचना शिकणाऱ्या मुलांच्या प्रदर्शनात ‘प्रायोगिक आकार’ हे शब्द हमखास भेटतात. पानासारखी खुर्ची, शिंपल्यासारखा दिवा. दिसायला सुंदरच. पण मी तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस. मला एकच विचारायचंय, हा प्रयोग कशाचा? प्रयोग म्हणजे प्रश्न, आणि त्याचं उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकलं पाहिजे. ज्या आकाराला चुकताच येत नाही, त्याला नवल म्हणा. प्रयोग म्हणू नका.

आपल्या दर्शनांचा लाडका दृष्टांत घड्याचा आहे बघा. सांख्य म्हणतात, घडा मातीत अव्यक्त रूपानं आधीपासूनच असतो. नैयायिक म्हणतात, छे, घडा नव्यानं उत्पन्न होतो. हाच वाद विद्यार्थ्याच्या टेबलावर चालू असतो. नुसतं मातीचं ऐकलं तर नवं काही घडत नाही. नुसती कल्पना लादली तर भांडं भट्टीत तडकतं. ते तडकणं म्हणजेच मातीनं दिलेलं उत्तर.

जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन विद्यालयात हान्स रोएरिख्ट या विद्यार्थ्यानं १९५९ मध्ये पदविका प्रकल्प म्हणून कपबश्या-ताटल्यांचा संच केला. ‘टीसी १००’ हे त्याचं नाव. भांडी एकावर एक नीट बसावीत, जागा कमी लागावी, हा त्याचा प्रश्न. म्हणजे आपली उतरंडच की! आकार अगदी साधा, पण परीक्षा कडक: बसतात की डगमगतात? पुढे हा संच कारखान्यात तयार झाला. याच उल्ममध्ये सुधाकर नाडकर्णी शिकले. मुंबईच्या आयआयटीत १९६९ मध्ये सुरू झालेल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा आहे. म्हणजे ही परंपरा आपल्याला परकी नाही.

आता कुणी म्हणेल, सर, सुरुवातीलाच उपयोगाचं जोखड घातलं तर कल्पना मरेल. आक्षेप रास्त आहे. पण बाउहाउसमध्ये योसेफ आल्बर्स विद्यार्थ्यांच्या हाती साधा कागद देत आणि शक्यतो काही वाया न घालवता त्याला घड्या घालून उभं करायला सांगत. तिथे उपयोग काहीच नव्हता, परीक्षा मात्र होती. कागद उभा राहतो की कोसळतो? उपयोग बाजूला ठेवता येतो, कसोटी नाही.

आपल्या वाशीमकडची तिफण घ्या. चाडं, नळ्या, फण यांतलं काहीही एका माणसाला एका रात्रीत सुचलेलं नाही. दर पेरणीला शेत परीक्षा घ्यायचं आणि निकाल उगवणीत दिसायचा. चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ च्या आपल्या अहवालात लोट्याबद्दल हेच म्हटलंय: तो कुणा एकाचा नाही, पिढ्यांनी घडवलेला आहे. विद्यार्थ्याकडे पिढ्या नसतात, एक सत्र असतं. म्हणूनच त्याला जास्त वेळा आणि लवकर चुकावं लागेल.

तेव्हा शिक्षकांना माझी विनंती आहे. गुळगुळीत अंतिम नमुन्याशेजारी मोडलेले पाच नमुनेही मांडायला लावा, आणि प्रत्येकाखाली तो का मोडला हे लिहायला सांगा. गुण त्या कारणाला द्या. नाहीतर आपली मुलं आकार सजवायला शिकतील, विचारायला शिकणार नाहीत. खेड्यापाड्यातून येणाऱ्या मुलांचं यात मोठं नुकसान आहे, कारण विचारण्यासारखे प्रश्न सगळ्यात जास्त त्यांच्याच घरात आहेत.