अद्भुतकथेतील मरण

अद्भुतकथा लिहिणाऱ्याच्या हाती एक मोठी सोय असते, आणि तीच पुढे त्याला नडते. आपण मारलेले पात्र त्याला केव्हाही पुन्हा जिवंत करता येते. प्रेक्षकाचे डोळे पुसून होतात न होतात तोच नायक चितेवरून उठून उभा राहिला, की पुढल्या खेपेस त्या डोळ्यांना पाणी येत नाही. एरिक क्रिपके यांनी निर्माण केलेली ‘सुपरनॅचरल’ ही अमेरिकन टेलिव्हिजन-मालिका २००५ पासून २०२० पर्यंत चालली. तिचे ३२७ भाग झाले. आणि एवढ्या लांबच्या प्रवासात डीन व सॅम विंचेस्टर हे तिचे नायक-बंधू किती वेळा मेले याचा हिशेब तिच्या निस्सीम भक्तांनाही बोटे मोजूनच द्यावा लागतो. अशा या मालिकेत मरणाला मरणाचे मोल आले असे भाग थोडे. त्यांतील श्रेष्ठ भाग म्हणजे पाचव्या वर्षाचा दहावा, १९ नोव्हेंबर २००९ रोजी दाखविला गेलेला ‘अ‍ॅबन्डन ऑल होप’, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. डांटेच्या नरकद्वारावरील लेखातून घेतलेले हे नाव त्या भागाला शोभते.

अमेरिकेत अशा मालिकांचे वर्ष सामान्यतः सप्टेंबरात सुरू होऊन मे महिन्यात संपते, आणि नाताळाच्या सुमारास मध्येच काही आठवड्यांचा खंड पडतो. खंडापूर्वीच्या भागात नायकाला कोणत्या तरी प्राणसंकटात गुंतवून पडदा टाकावयाचा, म्हणजे सुट्टी संपताच प्रेक्षक आपोआप परत येतो, हा तेथील धंद्याचा रिवाज. या भागाचे लेखक बेन एडलंड यांनी हा रिवाज अगदीच मोडला असे नाही. परंतु प्रेक्षकाच्या मनात कोडे ठेवण्याऐवजी त्यांनी सुतक ठेवले. पुढचा भाग २१ जानेवारी २०१० ला आला. मधले दोन महिने प्रेक्षकाला ‘आता पुढे काय?’ या प्रश्नापेक्षा ‘हे असे का झाले?’ हा प्रश्न छळीत राहिला असल्यास नवल नाही.

कथानक थोडक्यात असे. सैतान, म्हणजे ल्युसिफर, बंधनातून सुटला आहे आणि जगाचा अंत जवळ आला आहे. त्याला सॅमचा देह हवा आहे. देवदूतांच्या सेनापतीला, मायकेलला, डीनचा. परंतु देहधाऱ्याच्या होकारावाचून कोणालाही त्या देहात शिरता येत नाही, आणि हा होकार देणे न देणे यावरच त्या वर्षाचे सर्व कथानक उभे आहे. क्राउली नावाचा एक धूर्त राक्षस बंधूंना ‘कोल्ट’ हे अमोघ म्हणून गाजलेले पिस्तूल आपण होऊन देतो; माणसे संपली की ल्युसिफर राक्षसांनाही ठेवणार नाही, हे त्याने ओळखलेले असते. ते पिस्तूल घेऊन बंधू मिसूरी राज्यातील कार्थेज गावी निघतात. बरोबर कॅस्टिएल हा देवदूत आणि एलन व जो हार्वेल या मायलेकी.

एलनविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. ही पिशाचांच्या शिकाऱ्यांसाठी खानावळ चालविणारी विधवा. तिचा नवरा बंधूंच्या वडिलांबरोबर शिकारीस गेला असता मारला गेला. तेव्हापासून मुलीने या वाटेला जाऊ नये म्हणून ती जिवाचा आटापिटा करते, मुलगी ऐकत नाही, आणि अखेर आई स्वतःच मुलीच्या बरोबरीने शिकारीला निघते. मालिकेने या भांडणाला फारशी जागा दिलेली नाही; तरी जेवढी दिली तेवढी पुरते.

मोहिमेच्या आदल्या रात्री सारे बॉबीच्या घरी जमतात. एलन आणि देवदूत पैज लावून दारू पितात. उद्या मरावयाचेच आहे तर आजची रात्र एकत्र घालवू, असे डीन जोला आडवळणाने सुचवितो, आणि ती हसून, स्वतःचा मान राखून नाही म्हणते. हा प्रसंग वरवर थट्टेचा. परंतु उद्याच्या मरणाच्या नावाखाली आजचा निर्णय कोणी आपल्या गळी उतरवू नये, एवढे या मुलीला कळते, हे येथे लेखकाने सांगून ठेवले आहे. पुढे त्याचा उपयोग होतो. चाकाच्या खुर्चीत बसलेला बॉबी सर्वांना एकत्र उभे करून छायाचित्र काढतो, आणि त्याच वेळी प्रेक्षकाच्या पोटात कालवते.

कार्थेज गाव ओसाड पडलेले. नरकाचे अदृश्य कुत्रे अंगावर येतात. डीन खाली पडतो. जो मागे वळून गोळ्या झाडते आणि स्वतः फाडली जाते. लोखंडी सामानाच्या एका दुकानात चौघे आसरा घेतात, दारांशी मिठाच्या रेघा ओढतात. जोच्या पोटाची जखम बांधून थांबणारी नाही. पाठीवर घेऊन तिला नेता येत नाही, कारण कुत्र्यांना तिच्या रक्ताचा वास लागला आहे. तेव्हा युक्ती काढते ती जोच: दुकानात वायूच्या टाक्या आहेत, खिळे आहेत, खडेमीठ आहे, यांचा स्फोटक करावा, दारे उघडावीत, कुत्रे आत आले की आपण कळ दाबू, तोवर बाकीच्यांनी छपरावरून निघून जावे. आई नाही म्हणते. मला मोठी माणूस म्हणून वागविण्याची तुझी ही अखेरची संधी आहे, असे मुलगी तिला सुनावते. सारे आयुष्य ज्या एका मुद्द्यावर दोघी भांडल्या, तो मुद्दा येथे निकालात निघतो, आणि आई हरते.

मग आई बंधूंना जावयास सांगते आणि स्वतः मात्र जात नाही.

जोचा निर्णय शूराचा आहे, पण त्यात हिशेबही आहे: एकीचे जाणे निश्चितच आहे, तर तिघे वाचावेत. एलनच्या निर्णयाला असा कसलाच हिशेब नाही. सेनापतीच्या दृष्टीने पाहिले तर तो चूकच. एक धडधाकट बंदूकधारी माणूस विनाकारण खर्ची पडते. परंतु लेखकाने पुढे जे केले आहे त्यास तोड नाही. दारे उघडली जातात, कुत्र्यांची गुरगुर जवळ येते, आणि ते आत येण्याच्या आधीच जो आईच्या कुशीत प्राण सोडते. कळ दाबावयाची होती ती तिने. तिचे हात गळून पडले. एलन तेथे नसती तर साराच बेत फसला असता. ती हिशेब न करता थांबली म्हणून मुलीचा हिशेब पुरा झाला. मुलीकडे एकवार पाहून, समोरच्या अदृश्य श्वापदाला एक शिवी हासडून ती कळ दाबते. समान्था फेरिस यांच्या मुद्रेवर त्या क्षणी रडे फारसे नाही. कान त्या श्वासाकडे लागलेली बाई जशी दिसेल तशी ती दिसते. येथे वीर आणि करुण असे रसांचे कप्पे पाडावयास बसणे मला तरी जमत नाही.

आणि एवढे होऊन पिस्तूल निकामी ठरते! डीन ल्युसिफरच्या कपाळात गोळी घालतो, तो कोसळतो आणि कण्हत उठून बसतो: या शस्त्राने मरत नाहीत अशा सृष्टीत पाचच वस्तू आहेत, त्यांतला मी एक. बाकीच्या चार कोणत्या हे तो सांगत नाही, आणि लेखकालाही ते ठाऊक असावे असे वाटत नाही. मराठी वाचकाला येथे कर्णाच्या वासवी शक्तीची आठवण होईल. ती शक्ती भलत्यावर खर्ची पडली, पण तिच्या अटी आपणांस प्रथमपासून माहीत होत्या. कोल्टची अट मात्र ऐन वेळी खिशातून काढलेली आहे. भागातील ही ढळढळीत उणीव. तथापि बेत फसतो म्हणून मायलेकींचे मरण फुकट गेले असे मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्या दोघी जगाला वाचविण्याचा सौदा करून मेल्या नव्हत्या. दोन मुलांना दाराबाहेर काढण्यासाठी मेल्या, आणि ती मुले बाहेर पडली.

याच भागात ल्युसिफर सॅमला बजावतो की तू सहा महिन्यांत, डेट्रॉइट शहरात, मला होकार देशील. भविष्य खरे ठरते. १३ मे २०१० च्या भागात सॅम डेट्रॉइटमध्येच होकार देतो, आणि मग ल्युसिफरला अंगात घेऊन पिंजऱ्यात उडी टाकतो. म्हणजे नायकांच्या वाट्याला आलेला निर्णय जन्मापूर्वीच कोणी तरी लिहून ठेवलेला. एलन आणि जो यांचा देह स्वर्गाला नको आहे आणि नरकालाही नको आहे. त्यांच्या होकाराची वाट कोणीच पाहत नाही. म्हणून त्यांचाच निर्णय अधिक मोकळा वाटतो. सॅमची उडी भव्य खरी, पण त्याच भागाच्या अखेरच्या दृश्यात तो रस्त्यावरील दिव्याखाली पुन्हा उभा दिसतो, आणि वर सांगितलेली ती सोय आपला वाटा वसूल करून घेते.

मायलेकींनाही या सोयीने सोडले नाही. एप्रिल २०११ मधील एका भागात ‘टायटॅनिक’ जहाज बुडालेच नाही अशी कल्पना करून इतिहास फिरविला आहे. त्यात एलन जिवंत असून बॉबीची पत्नी आहे. हा खेळ सुखाचा आहे, आणि तो मोडला जातो तेव्हा बॉबीला आपण काय गमावले याची जाणीवही राहत नाही, एवढ्यामुळे तो सह्य होतो. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातील भाग मात्र मला खपत नाही. तेथे ओसायरिस देव डीनवर खटला भरतो आणि जोच्या आत्म्याला साक्षीस बोलावतो. ती डीनवर कसलाही दोष ठेवीत नाही, येथवर ठीक. पण पुढे लेखकाने तिलाच, तिच्या मर्जीविरुद्ध, डीनचा जीव घेण्यास पाठविले आहे. ज्या मुलीने आदल्या रात्री नाही म्हटले होते आणि दुकानात स्वतःचे मरण स्वतः ठरविले होते, तिला दुसऱ्याच्या हुकमाची दासी करताना लेखकाच्या लेखणीने क्षणभर तरी थांबावयास हवे होते.