आठवण कशाची काढायची?

ऐंशीच्या दशकाचा विषय निघाला की १९८७ची ‘रामायण’ मालिका हटकून येते. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत आणखी एक आठवण निघते: दिवसा शंकरपट, रात्रभर नाटक. आणि मग उसासा, ‘गेले ते दिवस!’ माझा आक्षेप या उशाशावर आहे. अहो, वडशाच्या नाटक मंडळ्या दिवाळीनंतर आजही गावोगाव जातातच की! परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच चालत्या रंगभूमीवरच्या कामासाठी. जिवंत गोष्टीला आठवण म्हटलं, की तिकीट काढायची जबाबदारी टळते. स्मरणरंजन असं स्वस्तात पडतं. तेव्हा यंदा मंडपात बसा, पहाटेपर्यंत. नाटक फसलं तर तसं तोंडावर सांगा. टीका जिवंत कलेवरच करता येते. आठवणीचं फक्त कौतुक होतं.