ओर्विएतो: दर्शनी भिंत, विहीर आणि खडक

इटलीतल्या ओर्विएतो या डोंगरी गावाविषयी तुम्ही कुठेही वाचायला घेतलेत, तरी पहिले चित्र बहुधा एकच असते. सोनेरी मोझेइकने झळाळणारी, टोकदार त्रिकोणी शिखरांची कॅथेड्रलची दर्शनी भिंत. त्यानंतर चॅपेलमधली भित्तिचित्रे, मग पांढरी वाइन, आणि वेळ उरलाच तर एक विहीर. हा क्रम मला पटत नाही. या टिपणात मी तो उलटा लावणार आहे. मी अभियांत्रिकी शिकवतो, म्हणून माझा कल कुठे असेल हे तुम्ही ओळखालच. तो वजा करूनही माझे म्हणणे उभे राहते का, हे वाचताना तपासत राहा.

सुरुवात खडकापासून करू. रोम आणि फ्लॉरेन्स यांच्यामध्ये, उंब्रिया प्रांतात, पाल्या नदीच्या खोऱ्यात एक सपाट माथ्याचा सुटा कडा उभा आहे. हा खडक टफ, म्हणजे ज्वालामुखीतून बाहेर पडलेली तप्त राख साठून घट्ट झालेला दगड. दख्खनच्या पठारावर वाढलेल्यांनी इथे घोटाळा करू नये. आपला काळा बेसाल्टही ज्वालामुखीचाच, पण तो थिजलेला लाव्हा आहे आणि फोडायला कठीण. टफ मऊ असतो, साध्या हत्याराने कोरता येतो. ओर्विएतोच्या खाली आजवर सुमारे 1200 पोकळ्या नोंदल्या गेल्या आहेत. विहिरी, खाणी, दारूची तळघरे, तेलाचे घाणे, कबुतरे पाळण्यासाठी भिंतीत ओळीने कोरलेले कोनाडे असे काय काय त्यांत सापडते. गाव जेवढे वर आहे, जवळजवळ तेवढेच खाली आहे.

आता खरी अडचण. टफच्या या थराखाली चिकणमाती आहे. वर ताठ, भेगाळलेला खडक आणि खाली पाण्याने मऊ होणारी माती. मृदा यांत्रिकीचा पहिला धडा शिकलेला विद्यार्थीही इथे भुवया उंचावेल. माती हळूहळू सरकते, वरच्या खडकाच्या भेगा रुंदावतात आणि कड्याचे तुकडे सुटून खाली येतात. शत्रूपासून संरक्षण देणारा कडाच गावाला कडेकडेने खातो.

एट्रुस्कन लोकांनी ही जागा निवडली ती संरक्षणासाठीच. त्यांचे वेल्झ्ना हे श्रीमंत नगर इथेच होते असे बहुतेक अभ्यासक मानतात. इ.स.पू. 264 मध्ये रोमनांनी ते उद्ध्वस्त केले आणि उरलेल्या लोकांना बोल्सेना तळ्याकाठी वसवले. रिकाम्या झालेल्या जागेला पुढे लॅटिनमध्ये ‘जुने नगर’ म्हणू लागले, आणि त्याचाच अपभ्रंश म्हणजे ओर्विएतो. कड्याच्या पायथ्याशी एट्रुस्कनांची दफनभूमी आहे. तिच्यात टफचे चिरे रचून केलेल्या खोल्या सरळ रेषेत, गल्लीबोळांसारख्या मांडल्या आहेत आणि दारांवरच्या आडव्या दगडांवर कुटुंबांची नावे कोरली आहेत. कॅथेड्रल बघून दमलेले बरेच जण इथवर उतरत नाहीत. तो त्यांचा तोटा.

कड्यावरचे गाव शत्रूला चढायला अवघड असते, पण वेढा पडला की आतल्यांना तहानेचीच भीती. एट्रुस्कनांनी यावर उपाय म्हणून टफमध्ये अरुंद चौकोनी विहिरी खोदल्या. दोन्ही बाजूंच्या भिंतींत पावले अडकवायला खाचा, आणि माणूस जेमतेम मावेल एवढी रुंदी. तेराव्या शतकात बाहेरच्या उंच पठारावरून पाणी आणण्याची सोय झाली, पण बाहेरून येणारे पाणी शत्रू बाहेरच तोडू शकतो.

हे भय 1527 साली अगदी खरे ठरायच्या बेतात होते. सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटले. पोप सातवा क्लेमेंट काही महिने किल्ल्यात अडकून पडला आणि डिसेंबरात वेष पालटून ओर्विएतोला पळाला. (इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे दूत राजाच्या विवाहाचे प्रकरण घेऊन पोपला भेटायला आले, तेही इथेच.) आपल्याला इथेही वेढा पडू शकतो हे पोपने ओळखले आणि पाण्याच्या कामाला अंतोनिओ दा सांगाल्लो धाकटा या वास्तुकाराला लावले. विहीर पुरी झाली 1537 मध्ये. क्लेमेंट त्याआधीच, 1534 साली, वारला होता.

विहीर पन्नास मीटरांहून खोल आणि सुमारे 13 मीटर रुंद आहे. मध्ये पोकळ नळा, आणि त्याभोवती फिरणारे दोन उतार. एकातून उतरायचे, दुसऱ्यातून चढायचे. प्रत्येकाला 248 रुंद पायऱ्या आहेत, त्याही खेचरांना चालता येतील अशा. तळाशी पाण्यावर एक लहानसा पूल आहे. खेचर भांडी घेऊन एका दाराने उतरते, पुलावर भांडी भरली जातात, आणि भरलेले खेचर समोरच्या उताराने वर जाऊन दुसऱ्या दाराने बाहेर पडते. वर जाणाऱ्याची आणि खाली येणाऱ्याची गाठ वाटेत कुठेच पडत नाही.

ही रचना डोळ्यांसमोर आणायची असेल तर कार्यशाळेतला डबल स्टार्ट थ्रेडचा स्क्रू हातात घ्या. दोन मळसूत्रे एकाच अक्षाभोवती, एकमेकांपासून अर्ध्या फेऱ्याच्या अंतरावर सुरू होतात आणि शेवटपर्यंत एकमेकांना छेदत नाहीत. सांगाल्लोने हाच स्क्रू खडकात उभा कोरला, फरक एवढाच की इथे आटे पोकळ आहेत. आतल्या भिंतीत 70 खिडक्या ठेवल्या, त्यामुळे मधल्या नळ्यातून येणारा उजेड दोन्ही उतारांवर पडतो. वरचा भाग टफमध्ये कोरलेला आहे, आणि खाली माती लागते तिथून विटांचे अस्तर आहे. म्हणजे खडक-मातीचा जो सांधा गावाच्या मुळावर आला आहे, तोच या विहिरीच्या भिंतीतही आहे, आणि बांधकामाने त्याला बिनबोभाट उत्तर दिले आहे.

पाटणची राणी की वाव पाहिलेल्या वाचकाला इथली भिंत कोरी वाटेल. वावेत उतरणे हाच सोहळा असतो, तिथे माणसाने थांबावे, पाहावे असे सगळे रचलेले आहे. इथे थांबण्याची सोयच नाही. कोणी थांबले तर मागच्याचा खोळंबा होतो. रूप कार्यातून येते असे आपण वर्गात सांगत असतो. त्याला याहून प्रामाणिक उदाहरण मला ठाऊक नाही.

पण कौतुकात एक गोष्ट झाकू नये. ज्या वेढ्यासाठी हा खटाटोप केला तो पडलाच नाही. पोप 1528 मध्येच इथून निघून गेला. निसर्गाने जे दिले नाही ते माणसाच्या उद्योगाने मिळवले, अशा अर्थाचा लॅटिन लेख दारावर आहे. तो खराच आहे, पण थोडा स्वतःची पाठ थोपटणाराही आहे. गावाला पाण्याची जी रोजची गरज होती त्यापेक्षा हे बांधकाम मोठे होते, आणि ते सुरू झाले ते एका माणसाच्या भीतीतून.

आता कॅथेड्रल. पायाभरणी 1290 सालची. जवळच्या बोल्सेना गावात 1263 साली प्रसादाच्या भाकरीतून रक्त ठिबकले, या श्रद्धेशी ही वास्तू जोडली जाते. ते डागाळलेले वस्त्र आत जपले आहे. बाजूला जाऊन उभे राहा. पांढऱ्या ट्रॅव्हर्टाइनचे आणि काळ्या बेसाल्टचे आडवे पट्टे, अर्धवर्तुळाकार कोनाडे, साधी भक्कम भिंत. मग समोर या. दर्शनी भिंत मागच्या इमारतीहून उंच गेली आहे, आणि तिच्या त्रिकोणांच्या मागे बहुतांशी आकाशच आहे. कोपऱ्यावरून पाहिले की नाटकाच्या पडद्याची आठवण होते. मागची इमारत एक भाषा बोलते आणि समोरची दुसरी.

ही भिंत आखली लोरेन्झो माइतानीने. सिएनाच्या या वास्तुकाराला 1310 मध्ये कामाचा प्रमुख नेमले, कारण इमारत तग धरेल की नाही अशी शंका होती. त्याने बाहेरून फ्लाइंग बट्रेस, म्हणजे भिंतीला टेकू देणाऱ्या कमानी, उभारल्या. त्यांची गरजच नव्हती असे मत पुढच्या अभ्यासकांनी मांडले आहे. त्या कमानी नंतर बाजूच्या चॅपेलांच्या भिंतींत गडप झाल्या. या एका तपशिलावर वर्गात तासभर चर्चा होऊ शकते. ज्याला दुरुस्तीसाठी बोलावले, त्याची दुरुस्ती विसरली गेली आणि सजावट अजरामर झाली.

सजावटीतही निवड करा. वरच्या सोनेरी मोझेइकांचा बराच भाग नंतरच्या शतकांत बदललेला आहे. मूळ कामाचा एक नमुना लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. छायाचित्रात झळाळते ते हेच वरचे. खरे थोर काम खाली, माणसाच्या उंचीच्या आसपास, चार खांबांवर आहे. सृष्टीच्या उत्पत्तीपासून अंतिम निवाड्यापर्यंतची ती उठावशिल्पे संगमरवरात वेलीसारखी चढत जातात. निवाड्याच्या खांबाच्या तळाशी साखळदंडांत ओढली जाणारी माणसे पाहा, आणि मग आत जाऊन लुका सिन्योरेल्लीने 1499 ते 1504 दरम्यान रंगवलेले नरकवासी पाहा. विषय तोच, पण दोनशे वर्षांत मानवी देहाचे ज्ञान कुठून कुठे पोचले ते सांगायला वेगळे व्याख्यान लागणार नाही.

या सगळ्याच्या खाली तो कडा आहेच. 1900 साली पोर्ता कास्सियाच्या बाजूला मोठी दरड सरकली. 1970 च्या दशकात पुन्हा पडझड वाढली, तेव्हा इटलीच्या संसदेने 1978 मध्ये ओर्विएतो आणि तोदी या दोन गावांसाठी खास कायदा केला, आणि 1987 मध्ये आणखी एक. कड्यात पोलादी सळया रोवून ग्राउट भरले, पोकळ्या आधारून घेतल्या, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या गळक्या वाहिन्या बदलल्या. गावाचे स्वतःचेच सांडपाणी झिरपून खालची माती मऊ करत होते. मार्गदर्शक पुस्तकांत या कामाला एखादी ओळ मिळाली तर मिळते. माझ्या यादीत ते विहिरीच्या बरोबरीने आहे, कारण त्याशिवाय माइतानीचे खांबही उभे राहण्याची खात्री नाही.

कधी जाणे झाले तर रेल्वे स्थानकासमोरून वर जाणारी दोरगाडी घ्या. 1888 मध्ये ती सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चालायची. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचे, तो जड होऊन खाली यायचा आणि खालच्याला वर ओढायचा. मध्ये काही वर्षे बंद राहून 1990 पासून ती विजेवर चालते. वरच्या स्थानकातून बाहेर पडलात की लोक कॅथेड्रलकडच्या बसमध्ये चढताना दिसतील. विहीर अगदी दोन पावलांवर आहे. बस पुढचीही मिळते.