दंडीचा राजा आणि वत्सगुल्माचा राजा

अद्भुतकथेतील एखादे पात्र मनात ठसले की त्यामागचा खरा माणूस शोधण्याचा मोह वाचकाला होतोच. हा मोह दिसतो तितका निरुपद्रवी नसतो. ब्रॅम स्टोकर याने १८९० साली व्हिटबी येथील ग्रंथालयात विल्यम विल्किन्सनच्या पुस्तकातून ‘ड्रॅक्युला’ हे नाव टिपून घेतले. वालाकियाच्या भाषेत या नावाचा अर्थ सैतान होतो, एवढे त्याला तेथे सापडले. व्लाद राजाच्या क्रौर्याची हकीकत त्या पुस्तकात नव्हती. कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली आणि पुढे, विशेषतः १९७२ नंतर, रक्तपिपासू सरदार म्हणजेच व्लाद हे समीकरण जगभर रूढ झाले. व्लाद क्रूर होता यात शंका नाही. परंतु त्याने न केलेले पापही त्याच्या नावावर चढले.

असाच एक प्रश्न आपल्या वाशीमच्या मातीत दडलेला आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट येथे १९३९ साली उजेडात आला. याच जिल्ह्यातील हिस्से-बोराळा येथील शके ३८०, म्हणजे इ. स. ४५८ चा शिलालेख देवसेन राजाच्या काळातील असून त्यात सुदर्शन नावाच्या तलावाचा उल्लेख आहे. देवसेनाचा पुत्र हरिषेण. अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यात त्याचा मंत्री वराहदेव याने कोरविलेल्या लेखात, हरिषेणाच्या संदर्भात, कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट आणि आंध्र अशी नावे येतात. एवढ्या वैभवानंतर ही शाखा एकाएकी दिसेनाशी होते. हरिषेणानंतरच्या राजाचा लेख उपलब्ध नाही.

ही रिकामी जागा एका कथेने भरून काढली आहे. सुमारे दोन शतकांनंतर दंडीने ‘दशकुमारचरित’ रचले. ब्रह्मराक्षस, सिद्ध आणि स्मशानातील मंत्रप्रयोग यांनी हा ग्रंथ गजबजलेला आहे. त्याच्या आठव्या उच्छ्वासात विदर्भाच्या पुण्यवर्मा नावाच्या सद्‌गुणी राजाची आणि त्याच्या अनंतवर्मा या पुत्राची कथा येते. अनंतवर्मा कलांत निपुण, परंतु राजनीतीविषयी उदासीन. वृद्ध मंत्री वसुरक्षित त्याला सावध करतो. खुशमस्कऱ्या विहारभद्र त्या उपदेशाची टर उडवतो. अश्मकाचा राजा वसंतभानू हेर पाठवून दरबार व्यसनांत बुडवतो, सामंतांना फितवतो, आणि अनंतवर्मा युद्धात मारला जातो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या कथेत वाकाटकांच्या अखेरच्या दिवसांचे प्रतिबिंब पाहिले. पुण्यवर्मा म्हणजे हरिषेण आणि अनंतवर्मा म्हणजे त्याचा पुत्र, असा त्यांचा तर्क. अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनीही या कथेचा आधार घेतला.

तर्क आकर्षक आहे. देश विदर्भच आहे, साम्राज्य सामंतांचे आहे आणि पतन आकस्मिक आहे. तथापि दंडी पुण्यवर्म्याला भोज वंशाचा म्हणतो. वाकाटक तर विष्णुवृद्ध गोत्राचे ब्राह्मण. कथेतील नावे वाकाटकांच्या वंशावळीशी जुळत नाहीत. दुर्व्यसनी पुत्र, दुर्लक्षित वृद्ध मंत्री आणि गोडबोल्या खुशमस्कऱ्या ही त्रयी नीतिकथांच्या परंपरेला नवी नाही. इतिहासाने दंडीला विषय दिला असेलही. पात्रांचे स्वभाव त्याने कोठून घेतले, हे इतिहास सांगत नाही.

आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो तो कथेचा उत्तरार्ध. मारल्या गेलेल्या राजाचा बालपुत्र भास्करवर्मा याला गादी मिळवून देण्याचा विडा विश्रुत उचलतो. बालकाला वाघाने खाल्ले अशी अफवा तो पसरवतो. मग दुर्गेच्या मूर्तीखालच्या पोकळीत बालकासह लपतो आणि जमलेल्या लोकांसमोर अकस्मात प्रकट होतो. देवीनेच व्याघ्ररूपाने बालकाचे रक्षण केले, असे तो सांगतो, आणि लोक ते मानतात. येथे अद्भुत काहीच घडलेले नाही. चतुर माणसाने श्रद्धेचा उपयोग करून घेतला आहे. हे सारे दंडी वाचकाला आधीच सांगून टाकतो. लोकांना मूर्तीखालची पोकळी दिसत नाही, वाचकाला मात्र ती दिसते.

म्हणूनच या कथेवरून इतिहास रचणाऱ्या वाचकाने क्षणभर थांबावे. लेखांमधील पोकळीतून अनंतवर्मा बाहेर येतो आणि आपण त्याला हरिषेणाचा पुत्र म्हणून स्वीकारतो, तेव्हा आपण मंदिरासमोरच्या त्या गर्दीत उभे असतो. या गर्दीत ख्रिस्ती माणसे कधी नव्हती, असे नव्हे. कॉन्स्टंटाईनचे तथाकथित दानपत्र कित्येक शतके खरे मानले गेले आणि १४४० साली लोरेन्झो वाल्ला याने त्याच्या भाषेवरूनच ते बनावट ठरविले. त्या छाननीने श्रद्धेची हानी झाली नाही. श्रद्धेवर चढलेले एक असत्य तेवढे गळून पडले.

खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आपण जिवंत शेजाऱ्यापुरती मानतो. मृतांसाठी आपण प्रार्थना करतो, त्यांना आपल्यातलेच समजतो. मग त्यांच्याविरुद्ध दिलेली साक्षही साक्षच ठरते. वत्सगुल्माच्या अखेरच्या राजाचे नावही आपल्याजवळ नाही. तो विलासी असेल, शूर असेल किंवा केवळ दुर्दैवी असेल. दंडीची कथा वाचावी, तिच्या कौशल्याला दाद द्यावी, मिराशींचा तर्क तर्क म्हणून ध्यानात ठेवावा. पण ज्याच्या बाजूने बोलायला एक शिलालेखही उरला नाही, त्याच्यावर कथेतील दोष लादण्यापूर्वी समीक्षकाने आपली लेखणी आवरावी. अनंतवर्म्याला निर्माण करण्याचा हक्क दंडीला होता. हरिषेणाच्या पुत्राला दोषी ठरविण्याचा हक्क आपल्याला त्यातून मिळत नाही.