इंग्रजी जोडक्रियापदे आणि मराठी विद्यार्थी : एका उपपत्तीची चिकित्सा

इंग्रजीतील ‘गिव्ह अप’, ‘पुट ऑफ’, ‘ड्राय अप’ यांसारख्या जोडक्रियापदांना ‘फ्रेझल व्हर्ब’ ही संज्ञा लाभली ती लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या ‘वर्ड्‌स अँड इडियम्स’ (१९२५) या ग्रंथातून. ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ती सुचविली, असे स्मिथ यांनीच नमूद केले आहे. परभाषकांच्या संदर्भात या क्रियापदांचा विचार मात्र बराच उशिरा सुरू झाला. मेनाखेम डॅगट आणि बातिया लाउफर यांनी १९८५ मध्ये हिब्रू भाषक विद्यार्थ्यांविषयी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात या क्रियापदांच्या टाळाटाळीचे कारण मातृभाषेत तशी रचनाच नसणे, हे सांगितले आहे. ही उपपत्ती सोपी असल्यामुळे ती सर्वत्र स्वीकारली गेली. मराठी विद्यार्थ्याला ती जशीच्या तशी लावता येईल काय, हा प्रस्तुत प्रश्न होय.

उपपत्तीची परीक्षा प्रथम तिला अनुकूल अशा भाषेवर करावी. हंगेरियन भाषेत क्रियापदास जोडली जाणारी आणि प्रसंगी त्यापासून सुटणारी अव्यये विपुल आहेत. ‘अद्’ म्हणजे देणे, ‘फेल’ म्हणजे वर; ‘फेलद्’ म्हणजे हार मानणे, सोडून देणे. इंग्रजी ‘गिव्ह अप’ची ही जणू प्रतिकृतीच. नकारात हे अव्यय क्रियापदामागे जाते : ‘नेम अदोम फेल’, म्हणजे ‘मी हार मानत नाही’. तेव्हा हंगेरियन विद्यार्थ्याला ही क्रियापदे सुलभ वाटावीत. परंतु हेच ‘फेलद्’ पत्र टपालात टाकण्यासही योजतात, आणि तेथे इंग्रजी ‘गिव्ह अप’ निरुपयोगी ठरते. रूपाचे साम्य अर्थाची हमी देत नाही. हुल्स्टाइन आणि मार्चेना यांनी १९८९ मध्ये डच विद्यार्थ्यांविषयी हेच दाखविले : डचमध्ये अशी रचना असूनही अर्थाने लाक्षणिक अशी क्रियापदे ते टाळत होते, कित्येकदा ती फारच डच वाटतात म्हणून. रूप हेच सर्वस्व मानणाऱ्या उपपत्तीला येथेच पहिला धक्का बसतो.

मराठीची स्थिती याच्या उलट आहे. येथे रूप नाही. अर्थ मात्र आहे. ‘विहीर आटली’ आणि ‘विहीर आटून गेली’ यांत जो भेद आहे, तोच पुष्कळसा ‘ड्राइड’ आणि ‘ड्राइड अप’ यांत आहे. ‘खाल्ले’ आणि ‘खाऊन टाकले’, ‘लिहिले’ आणि ‘लिहून ठेवले’, ‘सोडले’ आणि ‘सोडून दिले’ या जोड्यांतील दुसरे क्रियापद आपला मूळ अर्थ मागे ठेवून क्रियेची पूर्तता, टिकाऊपणा, निकाल सुचविते. इंग्रजीत ‘अप’, ‘डाउन’, ‘ऑफ’ हेच काम करतात. शालेय व्याकरणात संयुक्त क्रियापदाची व्याख्या शिकविली जाते, आणि पलीकडच्या तासाला इंग्रजीचा शिक्षक ‘अप म्हणजे वर’ असे सांगून मोकळा होतो! दोन तासांची गाठ कोणी घालून देत नाही.

गडहिंग्लजसारख्या सीमेवरील गावात ही उपेक्षा विशेष खटकते. संकेश्वर येथून जवळच. तालुक्यातील अनेक घरांत मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा नांदतात. कन्नडमध्ये ‘तिंदुबिडु’, ‘तिंदुहाकु’ असे प्रयोग आहेत. ‘बिडु’ म्हणजे सोडणे, ‘हाकु’ म्हणजे टाकणे. ‘खाऊन टाक’ आणि ‘तिंदुहाकु’ हे दोन्ही ज्याच्या कानावर लहानपणापासून पडले, त्याला ‘ईट अप’मधील ‘अप’ समजावून देण्यास कोशाची गरज नाही. एक आर्य भाषा आणि एक द्राविड भाषा या एका बाबतीत एकाच मार्गाने जातात, आणि विद्यार्थी तो मार्ग चालून आलेला असतो. तरीही त्याच्या हाती येते ती पाठांतराची यादी.

ही यादी कोठून आली? तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने अनेक पिढ्यांना इंग्रजीची ओळख करून दिली. तिचे बळ दोन्ही दिशांच्या भाषांतरासाठी दिलेल्या वाक्यांत होते. पुढील मार्गदर्शकांनी वाक्ये गाळली आणि समीकरणे ठेवली : ‘पुट ऑफ’ बरोबर पुढे ढकलणे, ‘पुट अप विथ’ बरोबर सहन करणे. परिणाम असा की विद्यार्थी उत्तरपत्रिकेत ‘पोस्टपोन’ आणि ‘टॉलरेट’ लिहून पार पडतो, कारण लॅटिन कुळातील शब्द एकसंध असतो आणि चुकण्याची भीती नसते. परीक्षेत हे खपते. पुण्याच्या मुलाखतीत समोरचा अधिकारी ‘हाउ डू यू पुट अप विथ इट’ असे सहज विचारतो, तेव्हा प्रत्येक शब्द ओळखीचा असूनही वाक्य कळत नाही. उलट बाजूस ‘कोप अप विथ’ असा अनाठायी ‘अप’ सर्रास आढळतो. ज्याचे कार्य कळले नाही, ते अव्यय शोभेसाठी लावले जाते.

बोलीतील उसनवारीनेही मदत होत नाही. ‘चेकअप’, ‘ब्रेकडाऊन’, ‘पिकअप’ आणि फुटबॉलप्रेमी गडहिंग्लजला परिचित असलेला ‘किक ऑफ’ हे शब्द मराठीत नाम म्हणून गोठून आले; त्यांना ‘करणे’, ‘होणे’ जोडले की काम भागते. त्यामुळे ‘पिक इट अप’मध्ये सर्वनाम मधोमध बसते, हे विद्यार्थ्याच्या लक्षात राहत नाही. वस्तुतः मराठी संयुक्त क्रियापदही अभेद्य नाही : ‘खाऊनच टाकले’ यात ‘च’ मध्ये शिरतोच. हे उदाहरण वर्गात द्यावयास हवे.

तथापि साम्य ताणू नये. ‘बोलून बसला’, ‘विसरून बसला’ यांतील पश्चात्तापाची छटा कोणतेही इंग्रजी अव्यय देत नाही. आणि ‘बाहेर पडणे’, ‘आत घेणे’ यांत दिशा सांगणारे क्रियाविशेषण मराठीतही क्रियापदापूर्वी उभे आहे. ‘गो आउट’, ‘टेक इन’ यांच्या मूळ अर्थाशी ते थेट जुळते, लाक्षणिक अर्थाशी मात्र क्वचितच. म्हणजे एकाच इंग्रजी अव्ययासाठी मराठीत दोन निरनिराळी दारे आहेत : दिशेसाठी क्रियाविशेषण, पूर्ततेसाठी संयुक्त क्रियापद. ‘लुक अप’चा अर्थ ‘वर पाहणे’ असेल तर पहिले दार, ‘शब्द कोशात पाहून घेणे’ असेल तर दुसरे. ‘पुट अप विथ’ मात्र दोन्ही दारांबाहेर राहते. ते पाठच करावे लागते.