स्क्रॅपीचा गुन्हा काय?

एखाद्या पात्राचे नावच पुढे सामान्यनाम होऊन बसावे, असे भाग्य (किंवा दुर्भाग्य) फार थोड्यांच्या वाट्याला येते. मराठीत कान भरणाऱ्याला आपण शकुनीमामा म्हणतो, कळ लावणाऱ्याला नारद म्हणतो. इंग्रजी कार्टूनच्या शौकीन मंडळींत असाच एक शब्द रूढ झाला आहे, तो म्हणजे 'स्क्रॅपी'. लेखकांना लाडका वाटतो, पण प्रेक्षकांच्या डोळ्यांत खुपतो, अशा कोणत्याही पात्राला ही मंडळी स्क्रॅपी म्हणतात. शकुनीने निदान द्यूत खेळून एक घराणे धुळीस मिळवले होते. हे तर कुत्र्याचे एवढेसे पिल्लू! त्याने असे काय केले, हा प्रश्न आम्हाला बरेच दिवस पडला होता.

'स्कूबी-डू' आमच्या पिढीने कार्टून नेटवर्कवर पाहिले. ही वाहिनी आपल्याकडे 1995 साली आली आणि पुढे तिच्यावरचा भित्रा स्कूबी हिंदीतही बोलू लागला. मूळ मालिका मात्र आमच्या जन्माच्या कितीतरी आधीची, सप्टेंबर 1969 ची. त्या सुमारास अमेरिकेत शनिवारी सकाळी लागणाऱ्या कार्टूनमधल्या मारामारीविरुद्ध पालकांनी ओरड चालवली होती. तेव्हा मारामारी नको, पण थरार हवा, अशा मागणीतून हॅना-बार्बेरा कंपनीने ही मालिका काढली. तिचे लेखक जो रूबी आणि केन स्पिअर्स. फ्रेड, डॅफ्नी, वेल्मा, शॅगी ही चार तरुण मुले, त्यांची रंगीबेरंगी गाडी आणि स्कूबी नावाचा ग्रेट डेन जातीचा थोराड कुत्रा. गाडी कुठल्यातरी ओसाड वाड्यापाशी थांबते, भूत निघते, शॅगी आणि स्कूबी पळत सुटतात, वेल्मा खुणा गोळा करते आणि शेवटी भुताच्या तोंडावरचा मुखवटा ओढला जातो. आत कोण असते? कुणी जमिनीवर डोळा ठेवलेला, कुणी वारशाच्या मागे लागलेला, कुणी चोरटा माल लपवणारा. थोडक्यात, माणूस. पहिल्या दोन वर्षांच्या 25 भागांचा साचा साधारण हाच होता.

हा साचा दहा वर्षे चालला, मग प्रेक्षक कमी होऊ लागले. मालिका तोपर्यंत सीबीएसकडून एबीसी या वाहिनीकडे गेली होती आणि एबीसी ती बंद करण्याच्या विचारात होती. ती वाचवण्यासाठी 1979 मध्ये स्कूबीचा पुतण्या म्हणा, भाचा म्हणा, स्क्रॅपी-डू आणला गेला. उंची मामाच्या गुडघ्याएवढी आणि आवाज वाड्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा. भूत दिसले की हा त्याच्या अंगावर धावतो, 'सोडा मला, बघतोच त्याला' असे ओरडतो, आणि मामा नाहीतर शॅगी त्याला उचलून घेऊन पळतो. युक्ती लागू पडली आणि मालिका जगली. म्हणजे ज्याच्यामुळे घर टिकले, त्यालाच पुढे घर बुडवल्याचा दोष लागला.

चाहत्यांची तक्रार काय आहे? हा फार ओरडतो, ही एक. याला भीती वाटत नाही म्हणून गंमत गेली, ही दुसरी. आणि याने फ्रेड, डॅफ्नी, वेल्मा यांना हुसकावून लावले, ही सगळ्यांत जोरात मांडली जाणारी. ही तिसरी आम्हाला मुळीच मान्य नाही. 1979-80 च्या 16 भागांत स्क्रॅपी आहे आणि ते तिघेही आहेत. त्यांना काढले 1980 मध्ये, जेव्हा अर्ध्या तासाची गोष्ट मोडून सात-सात मिनिटांचे तुकडे करायचे ठरले. सात मिनिटांत खुणा कधी शोधणार, संशयित कधी तपासणार? विचार करणारी तीन पात्रे निरुपयोगी ठरली आणि धावणारी तीन राहिली. हा निर्णय कचेरीत बसलेल्या माणसांचा होता, पण पडद्यावर दिसत होता स्क्रॅपी.

या तुकड्यांत जे खरोखर गेले, त्याबद्दल भांडणारी मंडळी त्या मानाने कमी बोलतात. मुखवटा गेला. आता भूत अनेकदा खरेच भूत असे, रक्तपिपासू खराच रक्तपिपासू असे, आणि गोष्ट पळापळीवर संपे. 1985 च्या मालिकेत तर पेटीतून सुटलेली तेरा खरी भुते पुन्हा पेटीत भरण्याचेच काम होते. आम्हाला हा बदल पिल्लाच्या ओरडण्यापेक्षा कितीतरी गंभीर वाटतो. आमच्या वर्गात येणाऱ्या मुलांजवळ भुताखेतांचा मोठा साठा असतो. अमक्या चिंचेवर कोण बसते, तमक्या पडक्या घरात रात्री दिवा कसा दिसतो, हे पाचवीचे मूल अगदी शपथेवर सांगते. त्या पडक्या घराकडे लोक फिरकू नयेत, असे नेमके कुणाला वाटते, हा प्रश्न मात्र त्याला सुचत नाही. जुना स्कूबी हा प्रश्न दर आठवड्याला विचारत होता आणि उपदेशाचा एक शब्दही न काढता विचारत होता. तो प्रश्न ज्यांनी काढून टाकला, त्यांची नावे कुणाला ठाऊक नाहीत. शिव्या पिल्लाला.

दुसऱ्या तक्रारीत मात्र अर्धे तथ्य आहे. आमच्या उर्दूत बढाईखोर जोडीदाराची परंपरा जुनी आहे. रतननाथ सरशार यांचे 'फसाना-ए-आज़ाद' 1878 पासून 'अवध अखबार'मध्ये क्रमशः येऊ लागले, त्यातला खोजी वाचकांना आठवत असेल. बुटका, अफूबाज, आणि जरा काही झाले की आपली करौली मागणारा. ती करौली कधी हाती येत नाही, आली तरी उपयोग नाही, हे सरशारांना माहीत, आज़ादला माहीत, वाचकालाही माहीत. एकट्या खोजीला तेवढे माहीत नसते. मराठीत चिं. वि. जोशींचा गुंड्याभाऊ घ्या. त्याचा सोटा खरा आणि ताकदही खरी, पण शेजारी भित्रा चिमणराव सगळे पाहत असतो आणि तोच आपल्याला सांगत असतो, म्हणून त्या शौर्याची मजा येते. बढाई असो की शौर्य, त्याच्याकडे कुठून पाहायचे हे लेखकाने ठरवलेले असते.

स्क्रॅपीच्या बाबतीत हे कुणी ठरवलेच नाही. तो खोजीसारखा पोकळ नाही, खरोखर धावून जातो. पण गुंड्याभाऊसारखे त्याच्या हातून फारसे काही घडूही दिले जात नाही. त्याची पहिली कथा लिहिणारे मार्क एव्हानियर यांनी पुढे सांगितले आहे की हे पिल्लू फार स्वतंत्र वृत्तीचे आणि आक्रमक आहे, असा आक्षेप वाहिनीच्या नीतिनियम पाहणाऱ्या मंडळींनी घेतला होता. मुलांसमोर असा नमुना नको, असे त्यांचे म्हणणे. आता शूर पिल्लू पाहिजे, पण त्याने शौर्य गाजवू नये, या अटीवर पात्र लिहायला बसले की काय होणार? ते नुसते ओरडणार! तेच वाक्य, तोच आवेश, तेच उचलून नेणे. दहाव्या वेळी मोठा माणूस कंटाळतोच.

पण लहान मूल कंटाळत नाही, हेही सांगितले पाहिजे. या वादात दोन बाजू आहेत त्या बऱ्याचशा वयाच्या आहेत. 1969 चा स्कूबी ज्यांनी लहानपणी पाहिला, त्यांना 1979 चे पिल्लू घुसखोर वाटले. जे 1979 मध्ये पाच-सहा वर्षांचे होते, त्यांना ते आपल्यातलेच वाटले. आमच्या वर्गातल्या एकाला स्क्रॅपी का आवडतो असे विचारले, तर उत्तर आले, 'उने डरताच नै, सर.' यावर समीक्षकाने काय बोलावे!

आम्हाला स्वतःला या पात्रात मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. इंग्रजीत स्क्रॅपी स्कूबीला 'अंकल' म्हणतो आणि त्या एका शब्दात काका, मामा, फुपा सगळे बुडून जातात. पण तो स्कूबीच्या बहिणीचा, रूबी-डूचा मुलगा आहे. म्हणजे आपल्या भाषेत स्कूबी त्याचा मामू. हे नाते लक्षात घेतले की सगळे चित्रच बदलते. भाच्याची पक्की समजूत आहे की आपला मामू जगातला सर्वांत शूर आहे. मामू टेबलाखाली लपला तर हा म्हणतो, दबा धरून बसला आहे. मामू पळाला तर हा म्हणतो, भुताला चकवतो आहे. समोर धडधडीत पुरावा असतानाही त्याचा विश्वास ढळत नाही, आणि स्कूबीच्या तोंडावरची ती ओशाळी कळा आम्हाला भुतांपेक्षा जास्त लक्षात राहिली आहे. आपण ज्याच्या लायक नाही अशी श्रद्धा एखाद्या लहानग्याने आपल्यावर ठेवावी, ही अडचण मोठ्यांच्या साहित्यालाही पुरून उरेल. लेखकांनी ती हातात घेतली आणि लगेच खाली ठेवली. आमच्या मते स्क्रॅपीबाबत खरी तक्रार करायची तर ही करावी.

ती कुणी केली नाही. उलट 2002 मध्ये जो चित्रपट आला (लेखक जेम्स गन, दिग्दर्शक राजा गॉस्नेल) त्यात स्क्रॅपीला थेट खलनायक केले. मागच्या कथेत दाखवले आहे की त्याने गाडीत घाण केली, पुढारीपण मागितले, म्हणून सगळ्यांनी त्याला वाटेत उतरवून दिले आणि गाडी पुढे नेली. चित्रपटगृहात याला हशा मिळावा अशी योजना आहे. 2010 च्या मालिकेतही एका संग्रहालयात त्याचा पुतळा दिसतो आणि फ्रेड डॅफ्नीला सांगतो की याचे नाव काढायचे नाही असे आपले ठरले आहे. विनोद म्हणून हे खपते, पण तो कोण करतो आहे? ज्या मालिकेने वर्षानुवर्षे या पिल्लाच्या नावावर धंदा केला, तीच मालिका पुढे कुरकुरणाऱ्या गर्दीत जाऊन बसली. हात सारखा वर करणाऱ्या, उत्तर चुकले तरी पुन्हा हात वर करणाऱ्या मुलाला वर्ग हसतो, ते आम्ही रोज पाहतो. शिक्षकानेही त्या हसण्यात भाग घ्यावा, तसे हे झाले.

आणखी एक गंमत. पहिल्या वर्षी स्क्रॅपीचा आवाज लेनी वाइनरिब यांचा होता. 1980 पासून तो डॉन मेसिक यांनी दिला, आणि स्कूबीचा आवाज तर पहिल्यापासून त्यांचाच. 'सोडा मला' म्हणणारा आणि थरथर कापणारा, दोघे एकाच गळ्यातून बोलत होते. मेसिक 1997 मध्ये वारले. त्यांच्या स्कूबीला डोक्यावर घेणारे त्यांच्या स्क्रॅपीचे नाव काढीत नाहीत.

ज्यांना हा वाद स्वतः तपासायचा असेल त्यांनी 1979-80 चे ते 16 भाग आधी पाहावेत आणि सात मिनिटांचे तुकडे नंतर. पहिल्यांत वेल्मा आहे, खुणा आहेत, आणि बहुतेक वेळा मुखवटाही ओढला जातो. स्क्रॅपी दोन्हींत तोच आहे.